इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात बूस्टर आणि डिस्टॉर्शन बसवताना

इलेक्ट्रिक गिटारच्या आत इफेक्टचे सर्किट बसवायचे ठरले की बहुतेक जण ‘कोणते सर्किट?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. त्याआधीचा प्रश्न असा, की ते सर्किट बंद पडले तर गिटार वाजणार आहे की नाही. पायाखालचे पेडल बिघडले तर केबल काढून सरळ अँप्लिफायरमध्ये घालता येते. लाकडात कोंबलेले आणि अकरा स्क्रूंखाली झाकलेले सर्किट मात्र कार्यक्रमाच्या मध्यावर उघडता येत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. कॉलेजच्या संघातून वाजवत असताना मी व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) आणि जॅक (केबल खुपसायची जागा) यांच्यामध्ये एक बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारे सर्किट, कायमचा जोडून टाकला, स्पर्धेच्या आदल्या रात्री केबल गिटारमध्येच खुपसलेली विसरलो (केबल आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते), आणि दुसऱ्या दिवशी ऐन फेरीत बॅटरीने मान टाकली. त्यानंतर मी दोन अटी कटाक्षाने पाळतो आणि पुढील सर्व सूचना त्यांनाच धरून आहेत : बॅटरी नसतानाही गिटार पूर्वीसारखी वाजली पाहिजे, आणि मनात येईल तेव्हा ती मूळ स्थितीत आणता आली पाहिजे. दुसऱ्या अटीचा अर्थ सरळ आहे. लाकूड कोरायचे नाही आणि नवे भोक पाडायचे नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात व्हॉक्स कंपनीच्या स्टारस्ट्रीम गिटारमध्ये डिस्टॉर्शन (आवाज फोडणारा इफेक्ट), ट्रेबल-बेस बूस्ट आणि हाताने दाबायचा वाह-वाह अशी बरीच सामग्री भरलेली होती. त्याच दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने एलपीबी-१ हा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर काढला. तो इतका लहान होता, की थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचता येई. १९७०च्या दशकात इलेक्ट्रा एमपीसी या जपानी बनावटीच्या गिटारच्या पाठीत खाचा ठेवून त्यांत निरनिराळ्या इफेक्टच्या डब्या बदलून बसवण्याची सोय केलेली होती. अलीकडच्या काळात म्यूझ बँडच्या मॅट बेलामीच्या मॅन्सन गिटारमध्ये बसवलेले झी-व्हेक्सचे फझ फॅक्टरी हे सर्किट प्रसिद्ध आहे. एवढे असूनही ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही, कारण पेडल बदलणे सोपे आहे आणि गिटार बदलणे महाग.

म्हणून माझ्या मते ज्या इफेक्टचा ताबा वाजवत्या हाताला हवा असतो तेवढेच इफेक्ट गिटारच्या आत जावेत. बूस्टर, डिस्टॉर्शन आणि फझ (अधिक जाड, फुटलेले डिस्टॉर्शन) या वर्गात बसतात, कारण एखाद्या सुराच्या ऐन मध्यात करंगळीने पॉट वर ओढून आवाज फुलवण्याची मजा पायाने येत नाही. डिले (सूर उशिराने पुन्हा ऐकवणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) मात्र जमिनीवरच बरे. कराओके-इकोच्या स्वस्त बोर्डांवर सापडणाऱ्या पीटी२३९९ या आयसीवर डिले सहज बनतो खरा, परंतु तिला ५ व्होल्टसाठी स्वतंत्र रेग्युलेटर लागतो आणि सर्व मिळून विजेची गरज सुमारे २० मिलिअँपिअरपर्यंत जाते. ९ व्होल्टच्या लहान अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर अशी बॅटरी पंचवीस तासांच्या वाजवण्यात संपते.

आत सर्किट बसवण्याचा एक फायदा मात्र पेडलला कधीच मिळत नाही, आणि तो नीट समजून घेतला तर पुढचे निर्णय सोपे जातात. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचे इंडक्टन्स काही हेन्री इतके मोठे असते, त्यामुळे त्याचा सिग्नल नाजूक असतो आणि पुढे जोडलेल्या प्रत्येक गोष्टीचा त्याच्यावर भार पडतो. साध्या गिटार-केबलमध्ये दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. म्हणजे ६ मीटरची केबल जोडली की पिकअपला ६०० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यासारखे होते आणि वरच्या पट्टीतली चमक कमी होते. जॅकच्या अलीकडेच उच्च इनपुट इम्पीडन्सचे, म्हणजे पिकअपवर जवळजवळ भार न टाकणारे, सर्किट बसवले की केबल कितीही लांब असली तरी पिकअपला तिचा पत्ताच लागत नाही. हा बदल प्रत्येकाला आवडतोच असे नाही. केबलमुळे मऊ झालेल्या आवाजाची सवय असलेल्या कानांना नवा आवाज टोचरा वाटू शकतो, आणि बायपास, म्हणजे सर्किट टाळून सिग्नल थेट बाहेर नेणारी वाट, ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

गिटार निवडताना स्ट्रॅटोकॅस्टरच्या धाटणीची, मोठ्या पिकगार्डची (तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पाटीची) गिटार घ्यावी. तिचे सर्व काम पिकगार्डला लटकलेले असते, त्यामुळे तो उचलला की सारा संसार हातात येतो. स्वस्त गिटारींमध्ये पिकगार्डखाली बहुतेक वेळा एकच मोठा हौद कोरलेला असतो. महागड्या गिटारीत तिन्ही पिकअपसाठी वेगवेगळ्या खाचा असतात आणि जागा कमी पडते. म्हणजे या कामापुरती तरी स्वस्त गिटार अधिक सोयीची. काम सुरू करण्यापूर्वी तारा सैल कराव्यात, पिकगार्डचे स्क्रू एका वाटीत काढून ठेवावेत आणि आतील मूळ जोडणीची भरपूर छायाचित्रे काढावीत. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते हे आपल्या लक्षात राहील असे त्या क्षणी वाटते, पण राहत नाही.

नंतर जागा मोजावी. लांबी-रुंदी पट्टीने मोजता येते, पण झाकण लावल्यावर आत नेमकी किती उंची उरते हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातून कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून घ्यावा, तो प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून मोकळ्या दिसणाऱ्या जागी ठेवावा, पिकगार्ड जागेवर दाबावा आणि पुन्हा उचलावा; दबलेल्या कणकेची जाडी हीच तुमची खरी उंची. ९ व्होल्टच्या बॅटरीचे माप सुमारे ४८ × २६ × १७ मिलिमीटर असते, आणि तिच्यासाठी एखादी मृत बॅटरीच माप म्हणून आत ठेवून पाहणे उत्तम. पाठीमागच्या ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रिंगच्या खाचेत बॅटरी ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे धातूचा ठोकळा मागे-पुढे हलत असतो. ट्रेमोलो वापरत असाल तर ती जागा सोडून द्यावी.

सामान पुण्यात मिळवणे अवघड नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि तिच्या आसपासच्या दुकानांत पुढील यादीतले जवळजवळ सर्व काही एका फेरीत मिळते, फक्त जाताना कपॅसिटरची मूल्ये पुस्तकी नावांनी नव्हे तर त्यांवर छापलेल्या आकड्यांनी सांगावीत : ०.०२२ मायक्रोफॅरड म्हणजे २२३, ०.१ म्हणजे १०४, आणि ०.००४७ म्हणजे ४७२. आयसी टीएल०७१ (ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी आयसी) घ्यावी आणि तिच्यासाठी आठ पायांचा सॉकेटही घ्यावा. त्याशिवाय १एन४१४८ जातीचे दोन डायोड, १एन५८१७ जातीचा एक डायोड, १०० किलोओहम आणि ४७ किलोओहमचा प्रत्येकी एक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट), काही रेझिस्टर, झिरो पीसीबीचा (भोके असलेल्या तयार बोर्डाचा) एक तुकडा, बारीक शील्डेड वायर, बॅटरीची टोपी, चार पिनांचा रिलिमेट कनेक्टर (काढता-घालता येणारा जोड) आणि बर्ग स्ट्रिपचा (पिनांच्या पट्टीचा) छोटा तुकडा लागेल. पुश-पुल पॉट (नॉब ओढून-दाबून चालणारा स्विच असलेला) आणि गिटारचा स्टिरिओ जॅक तेवढा वाद्यांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. रेडिओच्या पॉटचा दांडा गिटारच्या नॉबमध्ये बसेलच याची खात्री नसते. एकाच कॉइलच्या पिकअपसाठी २५० किलोओहमचा आणि हमबकरसाठी (दोन कॉइलच्या पिकअपसाठी) ५०० किलोओहमचा पॉट घेण्याचा प्रघात आहे. पुश-पुल पॉटच्या खाली स्विचचा डबा असल्यामुळे तो साध्या पॉटपेक्षा बराच उंच असतो, म्हणून कणकेचे माप आधी आणि खरेदी नंतर.

‘७४१ चालेल का?’ असे विचारणारे अनेक भेटतात, कारण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत तीच हाताळलेली असते. ती वाजेल, पण सळसळेल. टीएल०७१च्या इनपुटला फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असल्यामुळे ती पिकअपवर भार टाकत नाही, आवाज स्वच्छ देते आणि साधारण १.४ मिलिअँपिअरवर चालते. बॅटरी आणखी जपायची असेल तर पायांची रचना तीच असलेली टीएल०६१ सॉकेटमध्ये घालता येते. ती फक्त ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, मात्र तिची सळसळ थोडी अधिक असते.

आता सर्किट. बॅटरीचा धन ध्रुव १एन५८१७ डायोडमधून आत आणावा, म्हणजे अंधारात बॅटरी उलटी टेकली तरी काही जळणार नाही. डायोडच्या पुढे १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि १०४चा लहान कपॅसिटर ग्राउंडला जोडावा, आणि तोच पुरवठा आयसीच्या ७ क्रमांकाच्या पायाला द्यावा. ४ क्रमांकाचा पाय ग्राउंडला. ऑप-अँपला धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे हवे असतात आणि आपल्याकडे एकच बॅटरी आहे, म्हणून ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये ओळीने जोडून त्यांच्या मधल्या बिंदूवर अर्धा व्होल्टेज तयार करावा आणि त्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. गिटारचा सिग्नल २२३च्या कपॅसिटरमधून ३ क्रमांकाच्या पायावर जातो, आणि त्या पायापासून अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. इनपुट कपॅसिटरच्या गिटारकडील टोकापासून ग्राउंडपर्यंत २.२ मेगओहमचा आणखी एक रेझिस्टर लावावा. तो विसरला तर स्विच ओढताना दर वेळी ‘टप्प’ असा आवाज येतो.

आवाज किती वाढणार हे २ आणि ६ क्रमांकांच्या पायांमधील जोडणी ठरवते. ६ पासून २ पर्यंत १०० किलोओहमचा प्रीसेट दोन टोकांचा रेझिस्टर म्हणून जोडावा आणि त्याला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. २ पासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी साखळी ग्राउंडपर्यंत न्यावी. हा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचे धन टोक आयसीच्या बाजूला असले पाहिजे. वाढ मोजण्याचे सूत्र सोपे आहे : प्रीसेटचा रोध भागिले ४.७ किलोओहम, अधिक एक. प्रीसेट शून्यावर असताना सर्किट केवळ बफर (सिग्नल न वाढवता पुढे देणारे) असते, १० किलोओहमवर सिग्नल साधारण तिप्पट होतो आणि पूर्ण उघडल्यावर बावीसपट. त्या साखळीतील १ मायक्रोफॅरडऐवजी १०४ लावला तर सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचे खर्ज सूर कमी वाढतात, आणि डिस्टॉर्शन वापरताना जाड तारांचा चिखल होत नाही. मला स्वतःला डिस्टॉर्शनसाठी १०४ आणि निव्वळ बूस्टसाठी १ मायक्रोफॅरड योग्य वाटतो. दोन्ही हवे असतील तर सॉकेटच्या पट्टीवर कपॅसिटर बदलून ऐकावा आणि मग कायम करावा.

६ क्रमांकाच्या पायापासून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक आयसीकडे ठेवून, आणि त्यापुढे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर येतो. या रेझिस्टरच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत दोन १एन४१४८ डायोड एकमेकांच्या उलट दिशांनी समांतर लावले, की सिग्नल सुमारे ०.६ व्होल्टला वरून आणि खालून छाटला जातो. हेच आपले डिस्टॉर्शन. डायोडांना समांतर ४७२चा कपॅसिटर लावल्यास छाटणीतून निघणारी किरकिर मवाळ होते. डायोडांची जोडी ग्राउंडला थेट न जोडता बर्ग स्ट्रिपच्या दोन पिनांवरून, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून जोडावी. जंपर काढला की शुद्ध बूस्टर, लावला की डिस्टॉर्शन. सिलिकॉन डायोडांऐवजी लाल एलईडी लावले तर छाटणी सुमारे १.७ व्होल्टला होते, आवाज मोठा आणि मोकळा येतो; जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपासच छाटतात आणि आवाज दबलेला, गुरगुरता होतो. सर्वांत शेवटी ४७ किलोओहमचा प्रीसेट व्हॉल्यूमसारखा जोडावा आणि त्याच्या मधल्या पायावरून आउटपुट घ्यावे.

हे सर्व झिरो पीसीबीवर साधारण २५ × ३५ मिलिमीटरच्या तुकड्यात बसते. मोठा इलेक्ट्रोलिटिक आडवा निजवावा. इनपुट, आउटपुट, धन आणि ग्राउंड या चार वायरी रिलिमेटवर आणाव्यात, कारण पुढे कधी बोर्ड काढायचा झाला तर सोल्डरिंगची गरज पडू नये. बोर्डासाठी २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. पॉटच्या पाठीवर ग्राउंडची वायर चिकटवताना मात्र अधिक उष्णता लागते, आणि कमी वॉटचे आयर्न बराच वेळ टेकवून ठेवल्याने पॉटच आतून भाजतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि चहा पिण्यापूर्वी हात धुवावेत.

बोर्ड गिटारमध्ये घालण्याची घाई करू नये. आधी टेबलावर मल्टिमीटरने तपासावा. ताज्या बॅटरीवर ७ क्रमांकाच्या पायावर ९ व्होल्टच्या आसपास, आणि ६ क्रमांकाच्या पायावर त्याच्या जवळपास निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. ६ वर शून्य किंवा पूर्ण ९ दिसले तर आयसी उलटी बसली आहे किंवा अर्ध्या व्होल्टेजचा बिंदू कुठेतरी तुटला आहे. ३ क्रमांकाचा पाय मोजताना एक फसवणूक होते, आणि तिच्यापायी मी एकदा दोन चांगल्या आयसी कचऱ्यात टाकल्या. सर्वांकडे असलेल्या पिवळ्या स्वस्त मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम असतो. आपला बायस-रेझिस्टरही (३ क्रमांकाच्या पायापासून अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूपर्यंतचा) १ मेगओहमचा. त्यामुळे मीटर टेकवताच व्होल्टेज निम्मे होऊन साडेचारऐवजी सव्वादोन दिसते. सर्किटमध्ये काहीच बिघडलेले नसते. त्यामुळे ६ क्रमांकाचाच पाय मोजावा. बॅटरीच्या वायरीत मीटर ओळीने लावून विद्युतप्रवाहही पाहावा : दीड मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर एक अल्कलाइन बॅटरी सुमारे तीनशे तास पुरेल, पाचच्या वर गेला तर कुठेतरी सोल्डरचा थेंब दोन पट्ट्यांना जोडत आहे.

बायपाससाठी पुश-पुल पॉट शेवटच्या टोन-पॉटच्या जागी बसवावा आणि मूळ टोनची जोडणी त्याच्या वरच्या तीन पायांवर जशीच्या तशी हलवावी. त्याच्या खाली सहा पायांचा डीपीडीटी स्विच असतो, म्हणजे तीन-तीन पायांच्या दोन रांगा. व्हॉल्यूम-पॉटच्या मधल्या पायावरून जॅककडे जाणारी वायर जॅकच्या बाजूने सोडवून पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला जोडावी. दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायापासून नवी वायर जॅकच्या टोकाच्या संपर्काला न्यावी. नॉब दाबलेला असताना दोन्ही मधले पाय ज्या दोन पायांना मिळतात ते पाय छोट्या वायरने एकमेकांना जोडावेत, आणि नॉब ओढल्यावर ज्यांना मिळतात त्यांपैकी पहिल्या रांगेतील पाय बोर्डाच्या इनपुटला व दुसऱ्या रांगेतील आउटपुटला द्यावा. कोणते पाय वर आणि कोणते खाली हे अंदाजाने न ठरवता मल्टिमीटरच्या बझरने ठरवावे, कारण सगळे पॉट सारखे नसतात. आता नॉब दाबलेला असेल तेव्हा सिग्नल बोर्डाला स्पर्शही न करता बाहेर जातो. बॅटरी मेली, आयसी जळाली किंवा बोर्डच काढून घरी ठेवला तरी गिटार वाजते.

सर्किट व्हॉल्यूम आणि टोन यांच्या नंतर ठेवण्याला कारण आहे. टोनचा कपॅसिटर पिकअपच्या स्वतःच्या रोधाशी मिळून काम करतो; त्याच्या आधी ऑप-अँप आला तर टोन-नॉब फिरवूनही फारसा फरक पडत नाही. शिवाय व्हॉल्यूम आधी असल्यामुळे तो डिस्टॉर्शनची मात्रा ठरवतो : सातवर ठेवला तर आवाज किंचित खरखरीत, दहावर पूर्ण फुटलेला. याची किंमत एवढीच, की सर्किट चालू असताना एकूण आवाज कमी करण्यासाठी गिटारवर वेगळा नॉब उरत नाही.

बॅटरीचा स्विच वेगळा लावू नये. साध्या जॅकऐवजी स्टिरिओ जॅक बसवावा : टोकाच्या संपर्काला सिग्नल, बाहेरील बाहीला ग्राउंड, आणि मधल्या कड्याच्या संपर्काला बॅटरीचा ऋण ध्रुव. नेहमीच्या मोनो केबलची पिन आत गेली की तिची लांब बाही कडे आणि ग्राउंड यांना जोडते आणि बॅटरी सुरू होते. केबल काढली की बंद. जॅकचे पाय ओळखण्यासाठी पिन आत घालून प्रत्येक पाय बझरने तपासावा. स्ट्रॅटच्या तिरक्या जॅक-वाटीत स्टिरिओ जॅक अडखळत बसतो, पाय हलकेच वाकवावे लागतात. वाजवून झाल्यावर केबल काढण्याची सवय मात्र स्वतःलाच लावावी लागते.

सिग्नलच्या दोन्ही वायरी शील्डेड असाव्यात आणि त्यांची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करावी. हौदाच्या आत तांब्याची चिकटपट्टी लावता आली तर उत्तम. तिच्या जोडांवर सोल्डरचे ठिपके द्यावेत, कारण खालचा गोंद वीज वाहून नेईलच असे नाही. पोळ्यांची अॅल्युमिनिअम फॉइल वापरणारे आहेत, पण तिच्यावर सोल्डर धरत नाही आणि जोड कालांतराने सुटतात. एक धोका नवशिक्यांच्या हटकून नजरेतून सुटतो : शील्डिंग म्हणजे सर्वत्र पसरलेले ग्राउंड, आणि बॅटरीचे आवरण व बोर्डाची खालची बाजू त्याला टेकली की शॉर्ट झालेच. बोर्ड जाड चिकटपट्टीत गुंडाळावा आणि बॅटरीला फोमचे आवरण द्यावे, जेणेकरून ती वाजवताना खडखडणारही नाही. एकेरी कॉइलची ५० हर्ट्झची गुंजन शील्डिंगने पूर्ण जात नाही, कारण ती चुंबकीय असते. बूस्टर तिलाही तितकेच वाढवतो. पंख्याच्या रेग्युलेटरपासून आणि जुन्या ट्यूबच्या चोकपासून दूर उभे राहून वाजवणे हा त्यावरचा फुकट उपाय आहे.

इथे सुरक्षेबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. ब्रिजखालून (तारा जिथे टेकतात त्या धातूच्या भागाखालून) येणारी बारीक वायर तारांना ग्राउंडशी जोडते, आणि ते ग्राउंड केबलमधून अँप्लिफायरच्या पत्र्यापर्यंत आणि तिथून भिंतीतल्या अर्थिंगपर्यंत जाते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अजूनही अर्थिंग नसलेले किंवा नावापुरते असलेले प्लग आढळतात. अशा ठिकाणी सदोष अँप्लिफायर लावला आणि एका हातात तारा व ओठांजवळ माइक असला, तर बसणारा धक्का जीवघेणा ठरू शकतो. अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कधीही कापू नये, तालमीच्या खोलीतील सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि गिटारमधील सर्किट कोणत्याही परिस्थितीत भिंतीच्या अॅडॅप्टरवर चालवू नये.

ज्यांना फझच हवा असेल त्यांच्यासाठी सूचना थोड्या वेगळ्या आहेत. १९६६ साली आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच इतर भाग आहेत, त्यामुळे ते टीएल०७१च्या सर्किटपेक्षाही कमी जागेत बसते. त्याचे इनपुट इम्पीडन्स मुद्दाम कमी असते आणि पिकअपवर पडणारा हा भारच त्याच्या आवाजाचा भाग आहे; व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की तोच फझ स्वच्छ घंटेसारखा वाजू लागतो. म्हणून त्याच्या आधी बफर किंवा बूस्टर ठेवू नये, नाहीतर तो गुण जातो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरांवर तो बनवावा असा माझा आग्रह आहे. जर्मेनियमचे आकर्षण समजण्यासारखे आहे, आणि बुधवारी वा रविवारी जुन्या बाजारात फिरताना मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुट टप्प्यात एसी१२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर हाती लागतातही, पण जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर वाढते. जानेवारीच्या रात्री नेमका लावलेला बायस (ट्रान्झिस्टरचे स्थिर व्होल्टेज) एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला, की घसरतो आणि सूर गुदमरल्यासारखा तुटतो. शिवाय एसी१२८ पीएनपी (एनपीएनच्या उलट ध्रुवांचा) असल्यामुळे मूळ सर्किटमध्ये बॅटरीचा धन ध्रुव ग्राउंडला असतो. एनपीएन किंवा ऑप-अँपच्या सर्किटबरोबर तीच बॅटरी वाटून घेण्याचा प्रयत्न केला तर बॅटरीच शॉर्ट होते.

सर्व बसल्यावर प्रीसेट लावण्याचे काम उरते, आणि ते पिकगार्ड बंद करण्यापूर्वी, गिटार नेहमीच्या अँप्लिफायरला जोडून करावे. प्रथम नॉब दाबून साधा आवाज ऐकावा. मग जंपर काढून, नॉब ओढून, गेन-प्रीसेट (१०० किलोओहमचा) शून्यावर आणि लेव्हल (४७ किलोओहमचा प्रीसेट) पूर्ण उघडी ठेवावी : दोन्ही आवाज जवळजवळ समान वाटले पाहिजेत, फक्त ओढल्यावर थोडी अधिक चमक दिसेल. आवाज मुळीच येत नसेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत का ते पाहावे. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर त्या दोन वायरी एकमेकींपासून दूर कराव्यात. त्यानंतर गेन हळूहळू वाढवावा, जंपर लावावा, आणि लेव्हल अशी खाली आणावी, की ओढलेल्या नॉबचा आवाज साध्या आवाजापेक्षा थोडाच मोठा राहील. घरी एकट्याने ऐकताना जेवढा फरक पुरेसा वाटतो त्याहून किंचित अधिक ठेवावा, कारण ड्रम सुरू झाल्यावर छाटलेला सूर मागे पडतो.

शेवटी एका कागदाच्या चिठ्ठीवर सर्किटमधील भागांची मूल्ये, स्विचच्या पायांचा क्रम, वायरींचे रंग आणि बॅटरी घातल्याची तारीख लिहून ती चिठ्ठी पारदर्शक चिकटपट्टीने पिकगार्डच्या आतल्या बाजूला लावावी आणि मग अकरा स्क्रू परत पिळावेत.